भाकरी टाकायचा दिवा

५ ऑक्टोबर

आमच्या लेकीनं, निकितानं दिलेली ही डायरी वर्ष झालं कपाटात पडून होती. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझी बोटं वाकडी झाली, रिटायर झाल्यावर पेनाला शिवायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या ह्यांनी ऐन नवरात्रात पत्र्याच्या शेडमधनं जुनी सायकल बाहेर काढलीय, आणि घट बसलेल्या घरात ओसरीभर नट, बोल्ट, चिंध्या न् ग्रीसचा डबा मांडलाय.

हे म्हणजे माझे यजमान. नाव लिहिणार नाही, डायरी माझी एकटीची असली म्हणून काय झालं. परंड्याच्या डेपोत कंडक्टर होते, अजून सगळं गाव त्यांना कंडक्टरच म्हणतं. सवयी पण त्याच राहिल्यात. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. चहा आणखी ओतू का विचारलं तर तोंडानं बोलायचं नाही, कपावर चमचा वाजवायचा. एकदा वाजला की नको, दोनदा वाजला की ओत.

सायकल माझ्या वडिलांची. त्यांनी सोलापुरातनं आणलेली, काळी, विलायती. लग्नात त्यांनी ती स्वतःच्या हातानं पुसून जावयाला दिली आणि नंतर आठ दिवस जेवताना तिचीच आठवण काढत होते म्हणे, माझी नाही. तिला पुढं टोपीवाला पितळी दिवा, मागं लाल दिवा, आणि पुढच्या चाकाला घासून फिरणारा डायनामो. कल्याणप्पा सायकलवाला त्याला डायनुमा म्हणतो. मी बाटली म्हणते, कारण दिसतो बाटलीसारखा.

लग्नानंतर आम्ही सोनारी रस्त्याला इथंच राहायला आलो तेव्हा आजूबाजूला एक घर नव्हतं. हे ड्यूटी संपवून अंधार पडता पडता यायचे. मी दारात उभी. ओढ्याच्या पुलावर दिवा दिसला की मी पीठ मळायला घ्यायची, लिंबाच्या झाडापाशी आला की तव्यावर भाकरी टाकायची. ह्यांनी सायकल लावून पाय धुतले की भाकरी फुगलेली असायची. किती वर्षं असंच चाललं. मग मोटारसायकल आली, मग मोबाइल आला, आणि आता हे पुलावरनं फोन करून विचारतात की कोथिंबीर आणू का.

निकिता फोनवर म्हणाली, पप्पा, बॅटरीवाला दिवा मिळतो, उद्या पाठवते. हे म्हणले, मला तोच दिवा पाहिजे, त्याच्याच बाटलीवर पेटलेला. मी विचारलं, कशासाठी हा कुटाणा? तर म्हणले, "तुला दिसावा म्हणून." आणि परत चाकात तोंड घातलं.

मला काय दिसत नाही म्हणून? सगळं दिसतं. हल्लीच्या बल्बमध्येच दम नाही, ही गोष्ट वेगळी. पेनची शाई पण फिकट करून टाकलीय कंपन्यांनी. हे मी नातवाच्या काळ्या स्केचपेननं लिहितेय.

७ ऑक्टोबर

निकिता धाराशिवहून आली होती, देवीला साडी घेऊन. तिचा एकच जप, आई, डोळे. मागल्या महिन्यात तिनं मला फसवून चष्म्याच्या दुकानात नेलं होतं. तिथल्या पोरानं डोळ्यात टॉर्च मारला आणि म्हणाला, मावशी, दोन्हीकडं मोतीबिंदू पिकलाय, लवकर काढा, नाहीतर कुठंतरी पडाल. मी म्हणलं, माझ्या अंगणवाडीत तुझं वजन केलेलं असतं तर एवढं बोलला नसतास.

लिहितेच एकदा. माझी आई, कस्तुराबाई. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी ती पट्टी वर सारून चुलीपुढं बसली, कारण घरात सुगीची माणसं जेवायला होती आणि दुसरं कोण करणार. धूर गेला, घाम गेला, काय गेलं कोण जाणे. डोळा सुजला आणि गेला. दुसरा तिनं मरेपर्यंत कुणाला दाखवला नाही, तो आपोआप गेला. पुढची वर्षं ती भिंतीला हात लावून चालायची, भिंतीवर तिच्या हाताचा एक काळा पट्टा पडला होता. आई गेली तेव्हा मी ह्यांना देव्हाऱ्यापुढं नेलं, भवानीच्या कवड्यांच्या माळेवर हात ठेवायला लावला आणि शब्द घेतला, की माझ्यापुढं डोळ्याच्या ऑपरेशनचं नाव कधी काढायचं नाही. त्यांनी दिला. आजपर्यंत पाळलाय.

आज निकिता त्यांना म्हणाली, पप्पा, तुम्ही तरी बोला. हे चाकाच्या तारा मोजल्यासारखं करत बसले. पोरगी रडून गेली. मला पण वाईट वाटलं, पण मी काय करू? आंधळी होण्याची भीती वाटते म्हणून तर डोळ्याला हात लावू देत नाही ना मी.

९ ऑक्टोबर

कल्याणप्पा आला. स्टँडजवळ त्याचं सायकलचं दुकान, आता तिथं मोबाइलची कव्हरंच जास्त विकतो. त्याची दोन्ही पोरं माझ्या अंगणवाडीतली, म्हणून मला बाई म्हणतो. उंदरांनी कुरतडलेली वायर त्यानं बदलली, पण दिवा काही लागेना. मग त्यानं बाटलीच्या बुडाखालचा रंग कानशीनं खरवडायला घेतला. ह्यांनी मागं एकदा कौतुकानं सायकलीला चांगला दोन हात ऑइलपेंट मारला होता. कल्याणप्पा म्हणाला, "बाई, हिला वायर एकच असती. दुसरी वायर म्हंजे सायकलीचं अंगच. अंगाला रंग फासला की गेलेला करंट घरला येत न्हाय."

मला ते आवडलं. एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की तो दिवा सायकलीच्या अंगातनं पेटतो.

दिवस मावळल्यावर चाक उचलून फिरवलं, तर दोघं लहान पोरांसारखे ओरडले. मी हात पुसत बाहेर आले. बघते तर हळदीचा हात भिंतीला पुसावा तसा एक पिवळट डाग. मी म्हणलं, एवढ्यावर नाचताय होय? ह्याच्यापेक्षा विडी बरी.

कल्याणप्पा काहीतरी बोलायला गेला. ह्यांनी सायकलीची घंटी एकदा वाजवली. तो गप्प बसला. मग हे म्हणले, "व्हय, कमीच आहे जरा. बघतो परत."

चहा न घेता गेला कल्याणप्पा. त्याला लागलं असेल माझं बोलणं. उद्या चार चकल्या पाठवून देईन.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी हत्यारांची पूजा. विळा, खुरपं, पाटा, माझा अंगणवाडीचा जुना वजनकाटा, ह्यांचा तिकिटं पंच करायचा चिमटा. आणि यंदा सायकल. मी मनात म्हणलं, हिच्यावर माझ्या बापाचा जीव होता, आपण काही कमी करायचं नाही. हळदकुंकू लावलं आणि नांगराला लावतात तसं चाकाला, बाटलीला, सगळ्याला तेल लावलं. सढळ हातानं.

संध्याकाळी हे फेरी मारायला निघाले तर दिवा पेटायचं नाव नाही. बाटलीचं डोकं तेलकट टायरवर घसरगुंडी खेळत होतं, फिरतच नव्हतं. ह्यांना आधी काही कळेना. मग बोट लावून वास घेतला, आणि इतके हसले, इतके हसले, की पायरीवर बसावं लागलं. म्हणले, अगं देवीला तेल, कारभाऱ्याला तेल, इथपर्यंत ठीक, डायनामोला कुणी तेल लावतं का? मी म्हणलं, मला काय माहीत, मला तर बाटलीला तेल चालतं एवढंच माहीत. मग दोघांनी राखेनं टायर पुसलं. मला पण हसू आवरेना. किती दिवसांनी असे हसलो.

नंतर ते पुलापर्यंत गेले आणि मी दारात उभी राहिले. फोनवर विचारलं, दिसला? नाही. लिंबापाशी आलो, आता? मी म्हणलं, थोडंसं पिवळं काहीतरी वाटतंय. शेजारची बानूबाई नेमकी रस्त्यानं येत होती, डोळ्यापुढं पदर धरून म्हणाली, "भाऊ, खाली करा ती बत्ती, डोळ्यात घुसायलीय."

बानूबाईची ही सवयच आहे. पुढच्याला बरं वाटावं म्हणून काहीही बोलते. मागं माझ्या करपलेल्या शिऱ्याला पण छान म्हणाली होती.

१५ ऑक्टोबर

दिवा परत खोलला. बार्शीला जाऊन जुन्या पद्धतीचा बल्ब आणला. तो पण तसाच. मग बाटलीची स्प्रिंग घट्ट केली. संध्याकाळी परत पूल, परत लिंब, परत तेच. मी खरं ते सांगते. खोटं कशाला बोलू? ऐकलं की ह्यांचं तोंड उतरतं, पण चिडत नाहीत. फक्त म्हणतात, बघतो परत.

रिकामपणानं माणूस कसा होतो बघा. हल्ली तांदूळ पण हेच निवडतात, चष्मा लावून, मांडीवर सूप घेऊन. सुईत दोरा ओवून पिनकुशनला लावून ठेवतात, एक पांढरा, एक काळा. पायरीच्या कडेला परवा चुन्याचा पट्टा ओढला. मी विचारलं, हे काय? म्हणले, शोभेला.

२४ ऑक्टोबर

आज माझ्या हातनं फार वाईट झालं.

दिवाळीची भांडी घासायला काढली होती. तांब्या, समई, पंचपात्र. दिवा खोलून ठेवलेला, त्याच्या आतली वाटी काळपट दिसली. म्हणलं, हीच तर भानगड आहे, वाटीच काळी तर उजेड कुठनं पडणार. चिंच आणि राख घेतली आणि काथ्यानं खसाखसा घासली. पितळ कसं सोन्यासारखं निघालं. कौतुकानं ह्यांना नेऊन दाखवली.

त्यांनी हातात घेऊन उलटीपालटी केली. तशीच खाली ठेवली. मग मीच कल्याणप्पाला फोन लावला, तेव्हा कळलं की त्या वाटीला आतनं चांदीचा पातळ मुलामा होता, उजेड परत फेकायला. तो मी घासून टाकला. माझ्या बापाची वस्तू, साठ वर्षं टिकली, ती मी एका दुपारी बोडकी केली.

लई रडले. मीच म्हणलं, आता दिवा उजळला नाही तर तो माझ्यामुळं. हे जवळ बसले आणि म्हणले, "तुझ्यामुळं काही बिघडलं न्हाय. आधीपासनं तसंच होतं." माझं मन राखायला काहीही बोलतात.

२८ ऑक्टोबर

ह्यांनी बाजारात विचारत विचारत दस्तगीरभाईला शोधून काढलं. पूर्वी तो गल्लीगल्लीत भाता घेऊन भांड्यांना कल्हई करायचा, आता नातवाच्या बेकरीत बसून असतो. स्टीलच्या राज्यात कल्हईला विचारतं कोण. हे म्हणले, दिव्याच्या वाटीला कल्हई कर. दस्तगीरभाई म्हणाला, जिंदगी गेली पातेल्यांत, दिव्याला कधी कल्हई केली नाही. पण भाता घेऊन आला. लिंबाखाली खड्डा करून कोळसे पेटवले, वाटी तापवली, नवसागराचा धूर निघाला, कथिलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवला. त्या वासानं मला माझं माहेर आठवलं.

हे मला म्हणले, लांब उभी राहा, धूर डोळ्यात जाईल. तीनदा म्हणले.

वाटी पांढरी झाली एवढं मला कळलं. दस्तगीरभाई म्हणाला, यात तोंड दिसतंय. मी वाटीत बघितलं. धुरकट काहीतरी दिसलं, पण म्हणलं, व्हय, दिसतंय. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा.

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी ह्यांना ओवाळलं. निरांजनाच्या ज्योतीभोवती हल्ली मला गोल कडं दिसतं, रंगीत, छान दिसतं. टिळा लावला, अक्षता टाकल्या. हे दिवसभर तसेच गावात फिरले. संध्याकाळी बानूबाई हसत म्हणाली, कंडक्टरच्या भुवईवर कुंकू कुणी लावलं? मी जवळ जाऊन बघितलं. खरंच भुवईवर होतं, कपाळ सोडून. मी म्हणलं, अहो, आरशात बघून पुसायचं नाही का? तर म्हणले, तू लावलंस तिथं राहू दे.

ह्या वयात हे असलं बोलतात. मला लाज वाटली, आणि बरं पण वाटलं.

दिवा मात्र कल्हई होऊन पण तसाच. पूल नाही, लिंबापाशी पिवळा डाग. आज मी जरा खोटं बोलले, म्हणलं, मागच्यापेक्षा बरा आहे. त्यांनी लगेच विचारलं, खरंच? आणि मी विजेच्या कितव्या खांबापाशी बघितला तेही विचारलं. मला सांगता येईना. त्यांना कळलं.

१८ नोव्हेंबर

आजच लिहायला पाहिजे.

दिवेलागणीला बानूबाईकडनं विरजण घेऊन येत होते. शंभर पावलांचा रस्ता, डोळे मिटून चालावा असा. समोरनं उसाचा ट्रॅक्टर आला. त्याचे दिवे डोळ्यावर आले आणि सगळं एकदम पांढरं झालं, दूध सांडल्यागत. रस्ता नाही, कड नाही, काही नाही. मी घाबरून बाजूला सरकले. तेवढ्यात सायकलीची घंटी ऐकू आली, अगदी अंगावर, आणि धाडकन आवाज.

हे माझ्या पुढ्यात पडलेले. मला चुकवायला सायकल दगडावर घातली. कोपर सोलपटलं, गुडघा फुटला. मी बाजूला सरकले म्हणून वाचले नाही, ह्यांनी सायकल वळवली म्हणून वाचले. ट्रॅक्टरवाला उतरून आला, म्हणाला, मावशी, आडव्याच गेलात की.

ह्यांनी त्याला घालवून दिलं. धूळ झटकत मला म्हणले, "तुझी काही चूक न्हाय. माझा दिवा गेला होता, अंधारात तुला कसा दिसणार मी."

मी मानलं. म्हणलं, लागली आग त्या दिव्याला, आता भंगारात घाला. सायकल उचलायला म्हणून मी पुढचा दिवा धरला.

काच गरम होती. टोपल्यात ताजी भाकरी ठेवली की टोपल्याला बाहेरनं जेवढी ऊब लागते तेवढी.

मी हात तसाच ठेवला. विझलेला दिवा गरम कसा असेल? पुलापासनं इथपर्यंत पेटतच आला असला पाहिजे. माझ्या तोंडावर उजेड पाडत आला असेल, आणि मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

हे लंगडत लंगडत सायकलीवरनं पडलेली दळणाची पिशवी गोळा करत होते. घरी आल्यावर हळद लावली त्यांच्या कोपराला. मला कोपर नीट दिसत नव्हतं. हे पण आज पहिल्यांदा लिहितेय.

१९ नोव्हेंबर

सकाळी चहा ओतताना म्हणलं, निकिताला फोन लावा, डोळ्याच्या डॉक्टरांना कधी दाखवायचं ते विचारा.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग देव्हाऱ्याकडं. मी म्हणलं, तुम्ही शब्द मोडला नाही, मीच बोलले, देवीनं ऐकलंय. ते उठून शेडमध्ये गेले आणि बराच वेळ आले नाहीत. सायकल पुसत असतील म्हणून मी हाक मारली नाही.

१४ डिसेंबर, धाराशिव

डाव्या डोळ्याचं झालं. निकिता लिहू देत नाही, चोरून चार ओळी.

ऑपरेशनच्या दिवशी मला सारखी आईच आठवत होती. हे दाराबाहेर बाकावर. आत जाताना मी म्हणलं, माझं काही झालं तर? बाकाच्या पाइपवर त्यांनी अंगठीनं दोनदा वाजवलं. नर्सला वाटलं, हे काय करतात. मला कळलं. मी गेले आत.

त्यांनी मला चुलीपुढं काय, गॅसपुढं पण जाऊ दिलेलं नाही. निकिताच्या घरात स्वयंपाक हेच करतात. मीठ जास्त पडतं, पण माझा डोळा चांगला आहे.

२९ डिसेंबर, परंडा

घरी आलो. डॉक्टर म्हणाले, आता घरकाम करा, फक्त डोळा चोळू नका.

घर केवढं मळलंय. मी किती नीटनेटकी म्हणून मिरवत होते, आणि ओट्यामागं जळमटं लोंबतायत. चुन्याचा पट्टा पायरीवर कशासाठी ओढला होता तेही आता कळलं. आणि हे. एवढे कधी पिकले? भुवया पांढऱ्या, गळ्याची कातडी सैल. मी वर्ष-दोन वर्षं कुणाकडं बघून बोलत होते?

दुपारी हे बँकेत गेले तेव्हा मी मुद्दाम रिक्षा करून कल्याणप्पाच्या दुकानात गेले. डबाभर लाडू नेले होते. म्हणलं, तुझ्या कामाला नावं ठेवली होती मी, ती परत घेते. दिवा तू चांगलाच केला असशील, माझ्या डोळ्यालाच तो दिसत नव्हता. शेवटी कशानं झाला, बल्बनं का कल्हईनं?

कल्याणप्पा लाडूकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, दिवा त्याच दिवशी झालता. रंग खरवडला तवाच. पुलापलीकडनं माझ्या पुतण्यानं बघितला." मी विचारलं, मग महिनाभर खोलत कशासाठी होते? तर म्हणाला, "म्या कंडक्टरांना म्हणलं, सरळ सांगा की बाईंना, दिव्याला काय झालं न्हाय म्हणून. ते म्हणले, तिला भ्या वाटतंय रे कल्याणप्पा. तिचं तिला कळू दे. तवर दिव्याचीच चूक राहू दे."

त्यांनी तो बल्ब बदलला, स्प्रिंग आवळली, दस्तगीरभाईला शोधत हिंडले. आणि वाटी घासून मी रडत होते तेव्हा म्हणले होते, तुझ्यामुळं काही बिघडलं नाही. तेवढं तर खरंच बोलले होते की.

येताना रिक्षात मला असा राग आला. म्हणलं, आज घरी गेल्यावर असं भांडायचं, असं भांडायचं, की डेपोतल्या युनियनला पण ऐकू जावं. इतकी वर्षं संसार केला आणि रोज संध्याकाळी माझ्या तोंडावर खोटं? लिंबापर्यंत आले तोवर राग कुठं गेला कळलं नाही. डोळा चोळायचा नव्हता म्हणून रडले पण नाही. नुसती बसून राहिले. रिक्षावाला म्हणाला, आजी, घर आलं.

संध्याकाळी ते न सांगताच सायकल घेऊन गेले. पुलाकडं. इतक्या दिवसांत आम्ही दोघांनी दिव्याचं नाव काढलं नव्हतं. मी पीठ मळून ठेवलं, गॅसवर तवा टाकला आणि दारात उभी राहिले.

पुलावर दिवा आला. पूल ओलांडून अलीकडं यायची वाट बघायला लागली नाही. स्वच्छ, पांढरा, खड्ड्यात हलणारा, मोठ्ठा दिवा. बानूबाई खोटं बोलली नव्हती, डोळ्यात घुसत होता. माझ्या बापाच्या वाटीतनं, दस्तगीरभाईच्या कल्हईतनं, सायकलीच्या अंगातनं माझ्याकडं येत होता. मी त्या दिव्यावर किती प्रेम करत होते हे मला आज आठवलं. दिव्यावर नाही. लिहितेच, मला कुणाची भीती? दिवा चालवणाऱ्यावर.

लिंबापाशी आला आणि मी आत पळाले. भाकरी टाकली.

ह्यांनी सायकल लावली, पाय धुतले, आत आले. घसा खाकरून विचारलं, "दिसला का?" मी फुगलेली भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. कल्याणप्पानं सांगितलेलं सगळं जिभेवर होतं, पण मी ते गिळलं. महिनाभर त्यांनी माझं सांभाळलं, मला एवढं एक सांभाळता येऊ नये का?

मग त्यांनी माझ्या उजव्या डोळ्याकडं बघितलं. तो अजून तसाच आहे, पिकलेला. डॉक्टर म्हणालेत, महिन्याभरात दुसरा करू. हे विचारणार नाहीत मला माहीत होतं. एकदा दिलेला शब्द त्यांच्या लेखी अजून तसाच आहे. त्यांनी मान फिरवली आणि भाकरीकडं बघायला लागले.

मी ओसरीवर गेले. सायकल भिंतीला टेकून उभी होती, दिव्याची काच अजून गरम होती. हँडलची घंटी मी वाजवली. एकदा वाजवून थांबले.

मग दुसऱ्यांदा वाजवली.

आत जाऊन बघते तर हे तसेच उभे होते. वाफ निघत होती, हात भाजत असेल, पण भाकरी खाली ठेवायचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.